खंडेनवमीचा पाना

१

रत्नाकर विहाराचा मोठा पाळणा वर्षातून एकच दिवस फिरत नसे, तो खंडेनवमीचा. एरवी गिऱ्हाईक असो नसो, त्र्यंबक खोपकर सकाळी सात वाजता ऑइल इंजिन सुरू करून त्याला दोन रिकामे फेरे द्यायचे. बसून राहिलं की माणसाचे सांधे धरतात, तसे लोखंडाचेही धरतात, असं त्यांचं म्हणणं.

बाळकुमच्या खाडीकाठी ही करमणुकीची बाग एका हौशी गिरणीमालकाने १९०९ साली उभी केली होती. सरकारकडून जागा पट्ट्याने घेताना त्याने आपणहून एक अट लिहून दिली. बाग चालू आणि सुरक्षित आहे तोवर या जागेचा दुसरा काही उपयोग करायचा नाही. पुढे लाकडी घोड्यांचे रंग उडाले, बँडवाल्यांच्या चौथऱ्यावर शेळ्या बसू लागल्या, पण विलायतेहून आलेला सोळा खुर्च्यांचा तो पाळणा कधी कुरकुरला नाही. दरवर्षी दसऱ्याला त्याच्या सुरक्षिततेचा दाखला नगरपालिकेत जाई आणि त्याखाली सही त्र्यंबक खोपकरांची असे. बागेत त्यांना सगळे भाऊ म्हणत. त्यांची मुलगीसुद्धा.

मंदाकिनी कल्याणच्या मुलींच्या शाळेत शिकवायची आणि कमळाबाई मावशीकडे राहायची. १९५४ सालच्या त्या खंडेनवमीला ती दुपारी बागेत आली, तेव्हा तिच्या पिशवीत पितळेची नवी समई होती.

हत्यारांच्या खोलीत पाट मांडलेला होता. भाऊंनी धोतर नेसलं होतं. पाटावर नट आवळायचे त्यांचे सात पाने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने ठेवलेले, शेजारी हातोडा, करवत, तेलाचं बुधलं. खाडीत होड्या फिरवणाऱ्या धाकूने आपली वल्ही भिंतीला टेकवली होती. घोड्यांचं चक्र सांभाळणारा विठ्ठल झेंडू ओवत बसला होता.

"समई आणलीस?" भाऊंनी ती हातात घेऊन वजन पाहिलं. "चांगली जड आहे. आणि वाती?"

मंदाकिनीने पिशवी चाचपली. "विसरले, भाऊ."

"वाती विसरणारी बाई मुलींना काय शिकवत असेल, देव जाणे." ते हसले. "असू दे. संध्याकाळी धाकूच्या रखमाबाईकडून कापूस आणतो. तिन्हीसांजेला लावीन."

तेवढ्यात बाहेर जीप थांबली. बागेचे आताचे मालक रतनशेठ आणि त्यांचे ओव्हरसीअर बाळ फणसे आत आले. बाळ डोंबिवलीचा. लहानपणी सुट्टीत तो इथेच पडीक असायचा आणि नट कसा आवळायचा ते त्याला भाऊंनीच शिकवलं होतं. आता बागेच्या जागी दोनशे घरांची वसाहत बांधायचा नकाशा त्याने काढला होता.

"भाऊ, दाखल्याचं काय ठरलं?" रतनशेठनी विचारलं. "पाळणा म्हातारा झाला, एवढं लिहून द्यायला काय जातं तुमचं?"

"म्हातारा मी झालोय, शेठ. तो नाही."

"लोकांना राहायला जागा नाही आणि तुम्ही पाळणा धरून बसलाय."

"घरं बांधा की. लोकांना घरं हवीतच. पण धडधाकट पाळण्याला मी आजारी म्हणणार नाही."

रतनशेठनी खांदे उडवले. वसाहतीचा फलक फाटकावर ठोकायचा होता. त्यांनी वाकून पाटावरचा हातोडा सरळ उचलला. हळदीकुंकू त्यांच्या बोटांना लागलं. विठ्ठलचा हात दोऱ्यावर थबकला.

"शेठ, पूजेतला आहे तो," बाळ घाईघाईने म्हणाला. "उद्या पूजा उठवेपर्यंत हात लावायचा नसतो."

"हातोडा आहे रे. चार खिळे मारून परत ठेवतो."

त्यांनी चार खिळे मारले आणि परत आणून ठेवला. भाऊंनी त्यावर पुन्हा हळदकुंकू वाहिलं. बाळने मात्र पाटाला हात जोडले आणि मग तो मंदाकिनीकडे वळला.

"तुमच्या हेडमिस्ट्रेस भेटल्या होत्या परवा कल्याणला. म्हणाल्या, खोपकरबाईंचे वडील इंजिनिअर आहेत म्हणे."

मंदाकिनीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. कॉलेजात पहिल्या दिवशी तोंडातून गेलेलं ते खोटं, पुढे निस्तरायचं राहून गेलेलं. भाऊ शेवटच्या पान्यावर फूल ठेवत होते. ते वर न बघताच म्हणाले, "खोटं कुठे आहे? इंजिन माझ्याजवळच आहे की."

सगळे हसले. तीही हसली. चार वाजता निघताना भाऊ तिला फाटकापर्यंत पोचवायला आले.

"उद्या पूजा उठवली की पहिला फेरा तुझा. दरवर्षीसारखा."

"उद्या वह्या तपासायच्यात, भाऊ. बघते."

काहीतरी बोलायला हवं होतं, हे तिला कळत होतं. तिने टांग्यात बसल्यावर नुसता हात हलवला.

२

दसऱ्याच्या सकाळी धाकूला भाऊ पाळण्याखाली पडलेले सापडले.

पोलिसांचा पंचनामा सव्वा पानाचा होता. मंदाकिनीने तो तेरावा झाल्यावर ठाण्याच्या चौकीत बसून वाचला. मयत हा सायंकाळी एकटाच पाळण्यावर नट आवळण्यास चढला असता तोल जाऊन सुमारे अठरा फुटांवरून पडला. डोक्याच्या मागील बाजूस मार. उजव्या हाताजवळ पाना. वर मुख्य आसाचा नट सैल आढळला. अंगावर धोतर व बंडी. मृत्यू स्वतःच्या निष्काळजीपणामुळे. पंच म्हणून सही विठ्ठलची.

"आता पाळणा सुरक्षित नाही असं नगरपालिकेने धरलंय," फौजदार साळगावकर म्हणाले. ते वयस्क, थकलेले गृहस्थ होते. "दिवाळीनंतर समिती पाहणी करील आणि बाग बंद. बाई, मला वाईट वाटतं. पण अपघात तो अपघात."

मंदाकिनीची नजर एका ओळीवर थांबली होती.

"धोतर," ती म्हणाली.

"काय?"

"भाऊ पाळण्यावर खाकी अर्ध्या चड्डीशिवाय कधी चढले नाहीत. चक्रात धोतराचा सोगा अडकून त्यांच्या डोळ्यांदेखत एक माणूस गेला होता. माझ्या जन्माच्या आधी. धोतर नेसून ते शिडीची पहिली पायरीसुद्धा चढले नसते."

साळगावकरांनी चष्मा पुसला. "म्हातारा माणूस. एखाद दिवशी केला असेल आळस."

तिने वाद घातला नाही. ती तिथून सरळ बाळकुमला गेली.

खाडीच्या धक्क्यावर धाकू होडीला डांबर लावत होता. तिला पाहून तो उठला, झोपडीत गेला आणि फडक्यात गुंडाळलेली समई घेऊन आला. तळाशी तेलाची काजळी होती.

"बाय, ही तुजी. सकाली खोलीत गेलो तं ही तेल सरून इजलेली. पोलिस येवाचे आदी मी उचलून आनली. नवी पितल, कोनी नेली असती. कोनाला बोललो नाय. पाटाला हात नाय लावला, हां."

"म्हणजे भाऊंनी ती लावली होती."

"लावलीच ना. दिवेलागनीला रखमाकडनं कापूस नेला त्यांनी. माझ्या समोर."

"आणि त्यानंतर कोणी आलं?"

धाकूने खाडीकडे पाहिलं. "शेठची जीप मना दिसली. फाटकाशी. आत कोन व्हता ता नाय दिसला. मी होडी बांधत व्हतो. मंग ती माजिवड्याकडं गेली."

हत्यारांच्या खोलीला कडी नुसती अडकवलेली होती. मंदाकिनीने दार ढकललं. दसऱ्याला पूजा उठवायला कोणी राहिलंच नव्हतं. पाट तसाच होता, झेंडू वाळून काळपट पडलेला. ती खाली बसली आणि लहान असताना मोजायची तशी बोटाने, हात न लावता, मोजू लागली.

एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात.

सातही पाने जागेवर होते. सगळ्यांवर हळदकुंकू, सगळ्यांवर फूल.

मग भाऊंच्या हाताजवळ सापडला तो पाना कुणाचा?

३

विठ्ठल घोड्यांच्या चक्राखाली विडी ओढत बसला होता. तिला पाहून त्याने विडी विझवली.

"विठ्ठल, तुम्ही पंच म्हणून सही केलीत. तो पाना भाऊंचा नव्हता, हे तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं. भाऊंच्या पान्यांवर कानशीने खूण केलेली असते. ह्याच्यावर नव्हती."

"मग?"

"मग काय, ताई. शेठ म्हणाले, नव्या वसाहतीत वॉचमन घेतो तुला. चार पोरी आहेत घरी. फौजदार विचारतो, हा पाना का, मी म्हटलं, हो पाना. एवढंच. भाऊंचा का, असं त्यांनी विचारलं नाही."

"त्या संध्याकाळी तुम्ही कुठे होतात?"

"मीच केलं असं म्हणता?"

"मी सगळ्यांना विचारणार आहे."

"कळव्याला होतो, बहिणीकडं. देवीच्या आरतीला. पन्नास माणसं सांगतील." तो खाली बघत म्हणाला, "मी खोटं नाय बोललो. पण खरंही नाय बोललो. भाऊ असते तर बोलले असते मला."

"भाऊ काही बोलले नसते," मंदाकिनी म्हणाली. "मी मात्र विसरणार नाही."

ती शांतपणे बोलली, पण तिचे दात एकमेकांवर घट्ट बसले होते. तेरा दिवस तिला रडू आलं नव्हतं. आता तिला कळलं की आत साठलं होतं ते रडू नव्हतंच. तिला कुणालातरी त्या शिडीखाली बघायचं होतं.

विठ्ठलला घेऊन ती पाळण्यावर चढली. पदर खोचून, एकेक पायरी. आसाच्या नटाचे सहाही कोपरे सोलवटले होते, लोखंड ताजं चमकत होतं.

"हे काय झालंय?"

"मापाचा पाना नसला की असं होतं," विठ्ठल म्हणाला. "तो घसरतो आणि नट चावतो. भाऊंनी असं केलं असतं तर स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली असती."

दुसऱ्या दिवशी तिने चौकीत तो आठवा पाना मागून घेतला. साळगावकरांनी कपाटातून काढून टेबलावर ठेवला. त्यावर अमेरिकन छाप होता.

"लढाईनंतर अमेरिकन लष्कराचा माल लिलावात निघाला होता," ती म्हणाली. "गाड्यासुद्धा. पाळणा विलायती आहे, साहेब. त्याच्या नटांची मापं वेगळी. हा त्यांना बसतच नाही. आणि ठाण्यात असली जीप कुणाची आहे?"

साळगावकर खुर्चीत सरळ बसले. "शेठची."

"जीपमध्ये हत्यारांची कॅनव्हासची गुंडाळी असेल. तिचा एक खण रिकामा आहे का, तेवढं बघाल? कुणाला कळू न देता."

तीन दिवसांनी साळगावकर स्वतः कल्याणला आले. कमळाबाईंनी दिलेल्या चहाला त्यांनी हातही लावला नाही.

"खण रिकामा आहे," ते म्हणाले. "शेजारच्या पान्यांवर तोच छाप. पण बाई, ती जीप दोघं वापरतात. किल्ली शेठच्या माजिवड्याच्या ऑफिसात खिळ्याला असते. शेठ म्हणतो, त्या संध्याकाळी फणसेने नेली. फणसे म्हणतो, शेठने नेली. दोघांना साक्षीदार नाही. दोघांचा मतलब एकच. सांगा, मी कुणाला धरू?"

४

रतनशेठ ऑफिसात लाडू खात होते. दिवाळी नुकतीच झाली होती. त्यांनी डबा तिच्यापुढे सरकवला. तिने तो परत सरकवला.

"शेठ, भाऊ गेले त्यात तुमचा फायदा झाला."

"झाला ना. नाही कशाला म्हणू?" त्यांनी बोटं पुसली. "पण मी मारलं नाही, बाई. मला मारायची गरज काय? दोन वर्षांनी ते थकले असते, नवा मिस्त्री ठेवला असता, त्याने पाहिजे ते लिहून दिलं असतं. मी थांबू शकतो. घाई मला नव्हती."

"मग कुणाला होती?"

"ते मी कशाला सांगू? बाळ माझा माणूस आहे." मग जरा थांबून ते म्हणाले, "वसाहतीच्या सोसायटीने दसऱ्यापर्यंत पाळणा असुरक्षित असल्याचा दाखला मागितला होता. नाहीतर कामावर ओव्हरसीअर दुसरा. तेवढं मला ठाऊक आहे."

बाळ फणसे तिला बाहेर भेटला. हातात नकाशाची सुरळी होती. त्याने ती जीपच्या बॉनेटवर पसरली.

"मंदा, हे तुला दाखवायचंच होतं. ही दोनशे घरं. तुमच्या शाळेतल्या नीलाबाईंचंही नाव यादीत आहे, ठाऊक आहे ना? पाच माणसं एका खोलीत राहतात त्या. आणि हा बघ, खाडीकडे जाणारा रस्ता. याला नाव द्यायचं ठरवलंय. त्र्यंबक पथ."

तिने त्या रेघेवर बोट ठेवलं. रस्ता पाळण्याच्या जागेवरूनच जात होता.

"हे तू सुचवलंस?"

"भाऊंनी मला हातात पाना धरायला शिकवलं. एवढं तरी करायला नको?"

"त्या संध्याकाळी तू कुठे होतास, बाळ?"

"घरी. डोंबिवलीला. दुपारी इथून निघालो तो दसऱ्याच्या दुपारपर्यंत ठाण्यात पाऊल टाकलं नाही. बागेत तर त्यानंतर गेलोच नाही. धीर झाला नाही." त्याचे डोळे खरोखर भरून आले होते. "जीप शेठकडे होती."

नकाशाची घडी घालताना त्याची नजर जीपच्या आरशाकडे गेली. दसऱ्याचा वाळका हार अजून तिथे होता. त्याने तो हलक्या हाताने सरळ केला.

मंदाकिनी ते बघत राहिली.

परतीच्या लोकलमध्ये, कोपरीच्या पुढे कधीतरी, तिने डोळे मिटले आणि खंडेनवमीची ती दुपार पुन्हा पहिल्यापासून आठवली. पाट. हातोडा. चार खिळे. जोडलेले हात. डोळे उघडले तेव्हा कल्याण आलं होतं आणि तिला माणूस सापडला होता.

चौकीत साळगावकरांनी तिचं म्हणणं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "पटतंय. पण कोर्टात हे हत्यारांचं देवपण चालायचं नाही. त्याच्या तोंडून काहीतरी निघालं पाहिजे."

"पाहणीला समिती सोमवारी येणार ना? तुम्ही तो पाना घेऊन या. पूजा मी अजून उठवलेली नाही."

५

सोमवारी दुपारी बाराच्या सुमाराला नगरपालिकेचे दोन सभासद, फौजदार, रतनशेठ आणि बाळ फणसे हत्यारांच्या खोलीपाशी जमले. बाळ उंबऱ्याबाहेरच उभा होता. विठ्ठल आणि धाकू दाराशी.

"बाग बंद करायच्या आधी तो सैल नट तुमच्या समोर आवळून द्यायचा आहे," मंदाकिनी सभासदांना म्हणाली. "माझ्या वडिलांच्या नावावर तेवढा डाग आहे. याच मापाचा एक सुटा नट इथे आहे. त्यावर आधी पाने बसवून बघू."

तिने नट बाकावर ठेवला. साळगावकरांनी आठवा पाना दिला. तो नटावर सैल फिरला.

"बसत नाही," एक सभासद म्हणाला.

"नाही. शेठ, जरा पाटावरचा सगळ्यात मोठा द्याल?"

रतनशेठनी वाकून मोठा पाना उचलला. वाळकी फुलं खाली पडली. विठ्ठलने तोंड फिरवलं. पाना नटावर असा बसला की जणू दोन्ही एकाच साच्यातून निघाले होते.

"आता त्याच्या शेजारचा, मागून बोल्ट धरायला. बाळ, तू दे."

बाळ हलला नाही. "विठ्ठल, दे रे."

"मी नाय," विठ्ठल म्हणाला.

"दोन पावलं आत ये आणि दे, बाळ."

"पूजा उठवलेली नाही, मंदा. आधी उठव. मग देतो."

"महिना झाला. फुलंसुद्धा वाळली."

"म्हणून काय झालं? पूजा ती पूजा." त्याच्या आवाजात चीड आली. "शेठना काही वाटत नसेल, मला वाटतं. भाऊंनी हाताने मांडलेला पाट आहे तो. पुढ्यात समई तेवत होती. त्यातलं हत्यार कसं उचलायचं?"

बाहेर ओहोटीचा चिखल उन्हात बुडबुडत होता, तो ऐकू येत होता.

"समई कुठे आहे, बाळ?" मंदाकिनीने हळूच विचारलं.

त्याने पाटाकडे पाहिलं. तिथे समई नव्हती.

"तू दुपारी गेलास तेव्हा तीत वात नव्हती. मीच आणायला विसरले होते. भाऊंनी ती तिन्हीसांजेला लावली. सकाळी धाकूला ती विझलेली सापडली आणि पोलिस यायच्या आधी त्याने ती नेली. ती तेवताना फक्त दोघांनी पाहिली. एक भाऊ."

"कोणीतरी सांगितलं असेल मला."

"कोनी?" धाकू म्हणाला. "मी बायला सोडून कोनाला नाय बोललो."

मंदाकिनी सभासदांकडे वळली. ती वर्गात शिकवताना बोलायची तशीच बोलत होती, एकेक वाक्य संपवून.

"त्या संध्याकाळी कुणीतरी पाळण्याचा नट सैल करायला आलं. दुसऱ्या दिवशी दाखल्याच्या वेळी तो सैल सापडावा म्हणून. खंडेनवमीला बाग रिकामी असते, हे त्याला ठाऊक होतं. मापाचे पाने दहा पावलांवर होते, दार उघडं होतं. तरी त्याने जीपमधला, न बसणारा पाना आणला. नट चावला गेला तरी तोच वापरला. भाऊंनी त्याला पाहिलं आणि त्याने त्याच पान्याने मागून घाव घातला. नंतर अपघात दाखवायचा होता. मयताच्या हाताजवळ त्याचाच पाना ठेवला असता तर मला आयुष्यभर काही कळलं नसतं. तेव्हाही तो इथवर येऊन परत गेला. दोन वेळा. पूजेतल्या हत्याराला हात लावायची त्याची छाती झाली नाही. शेठनी चार खिळ्यांसाठी भर दुपारी हातोडा उचलला होता. शेठ असते तर त्यांनी पानाही उचलला असता."

"उचलला असता," रतनशेठ पुटपुटले. ते बाळपासून दोन पावलं दूर सरकले होते.

"मी फक्त नट सैल करायला गेलो होतो," बाळ म्हणाला.

साळगावकरांनी त्याच्या दंडाला धरलं.

"भाऊ खाली उभे होते. म्हणाले, खाली ये, बाळ, पाना चुकीचा आहे. ओरडले नाहीत. नट खराब होईल म्हणाले. मी उतरलो. ते म्हणाले, चल, समईपाशी बस जरा, आणि वळले. उद्या ते सगळं सांगणार होते. मग माझं काय राहिलं असतं?" तो उंबऱ्याशी खाली बसला. "मंदा, मी त्यांच्या मुलासारखा होतो. भाऊंनी मला माफ केलं असतं. तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "म्हणून तर मी आले."

६

जबानी चौकीत झाली. बाळला समोरच्या बाकावर बसवलं होतं. त्याला आतल्या खोलीत न्यायला साळगावकरांचा शिपाई आला, तेव्हा मंदाकिनी म्हणाली, "माझं होईपर्यंत राहू दे त्याला इथे." साळगावकरांनी तिच्याकडे पाहिलं आणि शिपायाला थांबायची खूण केली.

बाग राहील की नाही, हे सभासदांनी सांगितलं नव्हतं. पंचनामा दुरुस्त होणार होता, निष्काळजीपणाची ओळ खोडली जाणार होती. घरं आज ना उद्या होतील, नीलाबाईंना खोली मिळेल, कदाचित त्या खोलीच्या खिडकीतून खाडी दिसेल. त्याबद्दल तिला राग नव्हता. तिचा सगळा राग या खोलीत होता, चार हातांवर, मान खाली घालून बसलेला.

बागेतून निघण्यापूर्वी तिने पूजा उठवली होती. पाटावर अक्षता टाकून सातही पाने तेलाच्या फडक्याने पुसले होते. विठ्ठलने न सांगता इंजिन सुरू केलं, पण ती पाळण्यात बसली नाही. तिने खुर्च्या रिकाम्याच दोनदा फिरून येताना पाहिल्या.

कारकुनाने टाक दौतीत बुडवला.

"नाव?"

"मंदाकिनी त्र्यंबक खोपकर."

"वय?"

"एकोणतीस."

"धंदा?"

"शिक्षिका."

"वडिलांचं नाव आलं. वडिलांचा धंदा?"

बाळने मान वर केली. त्या दुपारी हसलेल्या माणसांपैकी तो एक होता आणि ती दुसरी. तिने त्याच्या डोळ्यांत बघत उत्तर दिलं, सगळ्या चौकीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

"पाळणेवाले."

कारकून थबकला. "म्हणजे मेकॅनिक लिहू? की इंजिनिअर?"

"नाही," ती म्हणाली. "मी सांगते तसं लिहा. माझे वडील पाळणा फिरवायचे. मी पाळणेवाल्याची मुलगी आहे."